अंतर पावणेतीन किलोमीटर, प्रवास दोन मिनिटे

नकाशावर फूटपट्टी ठेवून दोन गावांमधील अंतर मोजावे आणि त्यावरून प्रवासाला लागणारा वेळ काढावा, ही रीत प्राथमिक शाळेपासून आपल्या अंगवळणी पडलेली आहे. सपाट प्रदेशात आणि पक्क्या रस्त्यावर ती बहुतांशी उपयोगीही पडते. परंतु ज्या दोन गावांमध्ये समुद्र आहे तेथे अंतर आणि वेळ यांची फारकत होते. लहान अंतरास मोठा वेळ लागतो, तर मोठे अंतर कित्येकदा थोडक्या वेळात तोडता येते. ही गोष्ट समजून घेण्यासाठी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहातील एका विमानमार्गाचे उदाहरण फार बोलके आहे. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधील हा मार्ग नियमित वेळापत्रकानुसार चालणाऱ्या विमानमार्गांमध्ये जगातील सर्वांत लहान मार्ग म्हणून ओळखला जातो. दोन विमानतळांमधील अंतर सुमारे २.७ किलोमीटर असून वेळापत्रकात या प्रवासाला दोन मिनिटे दिलेली असतात. तुलनेसाठी सांगावयाचे तर मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी तीन किलोमीटरांहून अधिक लांब आहे. म्हणजे मुंबईला विमान ज्या पट्टीवर नुसते धावते, तिच्यात हा सबंध विमानप्रवास सामावून जाईल.

हा मार्ग जगभर प्रसिद्धीस आला तो एक नवल म्हणून. हौशी प्रवासी मुद्दाम दूरवरून येतात, दोन मिनिटांचे उड्डाण करतात आणि परत जातात. त्या नवलाशी आपणांस फारसे कर्तव्य नाही. २०११ च्या जनगणनेत अवघी ९० लोकसंख्या असलेल्या पापा वेस्ट्रे बेटावर विमान उतरावे, आणि तेही वर्षानुवर्षे नियमाने उतरावे, याची कारणे कोणती, हा प्रश्न मात्र आपल्याकडील दुर्गम गावांचा कारभार पाहणाऱ्यांनी विचारात घेण्यासारखा आहे.

तीन बिंदूंचे गणित

प्रथम नकाशा पाहू. ऑर्कनीचे मुख्य शहर कर्कवॉल. रुग्णालय, मोठी माध्यमिक शाळा, स्थानिक परिषदेची कार्यालये आणि मुख्य विमानतळ हे सर्व तेथेच आहे. कर्कवॉलचा विमानतळ सुमारे ५८ अंश ५७ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि २ अंश ५४ मिनिटे पश्चिम रेखांशावर आहे. पापा वेस्ट्रेची धावपट्टी त्याच रेखांशावर, परंतु ५९ अंश २१ मिनिटे अक्षांशावर, म्हणजे बरोबर उत्तरेस येते. वेस्ट्रेचा विमानतळ जवळजवळ त्याच अक्षांशावर असून त्याचा रेखांश मात्र २ अंश ५७ मिनिटे आहे.

अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर. कर्कवॉल व पापा वेस्ट्रे यांच्या अक्षांशांत २४ मिनिटांचा फरक आहे, म्हणून त्यांच्यामधील अंतर सुमारे २४ सागरी मैल किंवा ४४ किलोमीटर भरते. पृथ्वीगोलाचे हे माप किती सोयीचे आहे ते येथे दिसून येते. गुणाकारापलीकडे काही करावे लागत नाही.

रेखांशाच्या बाबतीत मात्र सावध राहिले पाहिजे. रेखांशाची वर्तुळे ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात. विषुववृत्तावर रेखांशाचे एक मिनिट जवळजवळ एका सागरी मैलाएवढे असते. साठाव्या अक्षांशाच्या आसपास ते निम्मे होते. नेमकेपणाने सांगावयाचे तर अक्षांशाच्या कोटिज्येने, म्हणजे कोसाइनने गुणावे लागते, आणि ५९ अंश २१ मिनिटांची कोटिज्या ०.५१ आहे. वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे यांच्या रेखांशांतील फरक ३ मिनिटांचा. तीन गुणिले १,८५२ गुणिले ०.५१ केले की सुमारे २,८३० मीटर, म्हणजे २.८ किलोमीटर हे उत्तर येते. प्रचलित आकडा २.७ किलोमीटर आहे. येथील धावपट्ट्या सुमारे पाचशे मीटर लांबीच्या असल्याने त्यांच्या कोणत्या टोकापासून कोणत्या टोकापर्यंत मोजावयाचे यावरही शे-दोनशे मीटरांचा फरक सहज पडतो. एरवी असा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही, परंतु येथे अंतरच इतके लहान आहे की तो नजरेत भरतो.

आता या तीन बिंदूंचा त्रिकोण कागदावर काढावा. दोन बाजू प्रत्येकी सुमारे ४४ किलोमीटर आणि पाया जेमतेम पावणेतीन किलोमीटर, असा उंच, निमुळता त्रिकोण मिळेल. दोन मिनिटांच्या विमानमार्गाचे रहस्य या आकृतीत आहे. कर्कवॉलहून निघालेले विमान वेस्ट्रेला जाऊन परतले आणि पुन्हा निराळी फेरी करून पापा वेस्ट्रेला जाऊन आले, तर एकूण १७६ किलोमीटर उड्डाण होईल. तेच विमान एका बेटावर उतरून लगेच शेजारच्या बेटावर गेले आणि तेथून कर्कवॉलला परतले, तर ९१ किलोमीटरांत दोन्ही बेटांचे काम भागते. इंधन, वैमानिकाचा वेळ आणि विमानाची झीज या सर्वांत जवळजवळ निम्मी बचत होते. सारांश, वेस्ट्रेहून पापा वेस्ट्रेला जाण्यासाठी विमान हवे म्हणून हा मार्ग निघालेला नाही. दोन्ही बेटांना कर्कवॉलशी जोडावयाचे होते, आणि ते काटकसरीने करताना त्रिकोणाचा पाया आपोआप विमानमार्ग बनला. आपल्या एस.टी.ची गाडी मुख्य रस्ता सोडून आडबाजूच्या दोन वाड्या घेऊन परत मुख्य रस्त्याला लागते, तसाच हा प्रकार आहे.

दोन मिनिटे म्हणजे काय?

वेळापत्रकातील दोन मिनिटे आणि २.७ किलोमीटर यांचा भागाकार केल्यास वेग ताशी सुमारे ८० किलोमीटर येतो. एवढ्या कमी वेगाने हे विमान आकाशात सुखाने चालू शकत नाही. साध्या प्रवासात त्याचा वेग ताशी २४० किलोमीटरच्या आसपास असतो, आणि त्या वेगाने हे अंतर चाळीस-एक सेकंदांत संपावयास हवे. मग उरलेला वेळ जातो कोठे? धावपट्टीवर धाव घेणे, चढणे, वळणे, उतरण्यासाठी वेग कमी करणे आणि जमिनीवर थांबणे यांत तो जातो. लांबच्या प्रवासात हा वेळ एकूण हिशेबात बुडून जातो, येथे मात्र तोच मुख्य आहे. या मार्गावरील सर्वांत जलद उड्डाणाची नोंद ५३ सेकंदांची असून ती स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाच्या नावावर आहे. २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी या मार्गावर बारा हजारांहून अधिक फेऱ्या केल्या होत्या. त्या ५३ सेकंदांचा सरासरी वेग ताशी सुमारे १८५ किलोमीटर पडतो.

वाऱ्याचा परिणामही याच ठिकाणी विद्यार्थ्यांना चांगला समजावून देता येईल. विमानाचा हवेतील वेग ताशी १८५ किलोमीटर आणि वारा ताशी ४५ किलोमीटर धरू. वारा पाठीमागून असेल तर जमिनीच्या संदर्भात वेग २३० होतो आणि २.७ किलोमीटर अंतर ४२ सेकंदांत संपते. तोच वारा समोरून असेल तर वेग १४० वर येतो आणि ६९ सेकंद लागतात. यावरून पाठीमागचा वारा नेहमीच लाभदायक असा निष्कर्ष कोणी काढील. परंतु विमान वाऱ्याच्या तोंडाला जाऊन उडते व वाऱ्याच्या तोंडालाच उतरते. पश्चिमेचा वारा असताना वेस्ट्रेहून पूर्वेला जावयाचे तर विमानाला आधी पश्चिमेकडे उडावे लागते, मग उलट वळून पापा वेस्ट्रेच्या पलीकडे जावे लागते आणि पुन्हा पश्चिमेकडे तोंड करून उतरावे लागते. याउलट वारा पूर्वेचा असल्यास विमान सरळ पुढे उडून सरळ पुढे उतरू शकते. इतक्या लहान पल्ल्यावर वाऱ्याने दिलेला वेग दोन वळणांत खर्ची पडतो. पुस्तकातील गणित आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतर दाखविणारे याहून चांगले उदाहरण सहसा मिळणार नाही.

बेटांसाठी घडविलेले विमान

या मार्गावर धावणाऱ्या विमानाचे नावच मुळी ‘आयलँडर’, म्हणजे बेटकरी, असे आहे. जॉन ब्रिटन व डेसमंड नॉर्मन या दोघा अभियंत्यांनी इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर ते तयार केले आणि १३ जून १९६५ रोजी त्याने पहिले उड्डाण केले. पंख वरच्या बाजूस, दोन साधी पंख्याची इंजिने, आत न घेता येणारी घट्ट बसविलेली चाके, आणि आसनांच्या मधून जाण्यास वाट नाही. प्रवासी मोटारीत बसावे तसे बाजूच्या दारांतून थेट आपल्या रांगेत बसतात आणि एका प्रवाशाला वैमानिकाच्या शेजारची जागा मिळते. या मार्गावर आठ प्रवासी नेले जातात. कोणी कोठे बसावे हे ठरविताना प्रवाशांच्या वजनाचाही विचार करावा लागतो. चारशे-पाचशे मीटरांच्या आखूड पट्टीवरून ते उडू शकते. दुरुस्तीला सोपे, काटक आणि डामडौल नसलेले हे यंत्र आहे. भारतीय नौदलानेही या जातीची विमाने अनेक वर्षे वापरली.

विमानसेवेचा आरंभ मात्र आयलँडरच्या पुष्कळ आधीचा आहे. कॅप्टन फ्रेसन यांच्या हायलँड एअरवेज या कंपनीने ८ मे १९३३ रोजी स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरील इनव्हर्नेस येथून कर्कवॉलपर्यंत नियमित सेवा सुरू केली. पुढील वर्षी, २९ मे १९३४ पासून त्याच मार्गावर जादा आकार न घेता साध्या टपालदरात विमानाने टपाल जाऊ लागले. ब्रिटनमधील अशी ती पहिली नियमित देशांतर्गत सेवा होय. सध्याची आंतरबेट सेवा लोगनएअर या कंपनीने १९६७ साली सुरू केली. या कंपनीचा उगमही मनोरंजक आहे. विली लोगन या बांधकाम कंत्राटदाराला टे नदीवरील पुलाच्या कामासाठी ये-जा करण्यास विमान हवे होते. त्यातून १९६२ साली कंपनी उभी राहिली. कर्कवॉलहून आज वेस्ट्रे, पापा वेस्ट्रे, नॉर्थ रोनाल्डसे, सँडे, स्ट्रॉन्से आणि ईडे या सहा बेटांना विमान जाते.

विमानात बसते कोण?

पापा वेस्ट्रेला जाणारा शिक्षक, ठरलेल्या दिवशी तपासणीस येणारा डॉक्टर, बँकेचा फिरता कर्मचारी, कर्कवॉलच्या शाळेतून घरी परतणारा विद्यार्थी, रुग्णालयात निघालेली वृद्धा, अशी माणसे या विमानात बसतात. पापा वेस्ट्रेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण बेटावर मिळते. पुढील शिक्षणासाठी आधी शेजारचे वेस्ट्रे आणि नंतर कर्कवॉल गाठावे लागते. फिरत्या शिक्षकाला सकाळी येऊन सायंकाळी परतता आले नाही तर तो येणार नाही, आणि शिक्षक नसेल तर लहान मुलांची कुटुंबे बेट सोडतील. शाळा बंद पडलेल्या बेटावर नवे कुटुंब राहावयास येत नाही, हे सांगण्यास तज्ज्ञाची आवश्यकता नाही. आपल्याकडील अनेक वाड्यावस्त्यांचा अनुभव याहून निराळा नाही.

समुद्रमार्ग आहेच. कर्कवॉलहून वेस्ट्रेला मोठ्या बोटीने सुमारे दीड तास लागतो. तेथून पापा वेस्ट्रेला जाणारी लहान प्रवासी बोट साधारण पंचवीस मिनिटे घेते. परंतु मोठी बोट वेस्ट्रेच्या दक्षिण टोकाला लागते आणि लहान बोट उत्तरेकडील पिएरोवॉल गावातून सुटते. मधला रस्ता आणि वाट पाहण्याचा वेळ धरला तर एका दिशेचा प्रवास अर्धा दिवस खाऊ शकतो. विमानाने कर्कवॉलहून थेट आल्यास पंधरा-वीस मिनिटे पुरतात. पंचवीस मिनिटांऐवजी दोन मिनिटे, एवढ्याच बचतीसाठी सरकारी पैसा खर्च केला असता तर ती उधळपट्टीच ठरली असती. येथे अर्ध्या दिवसाऐवजी पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि विमानसेवेचे समर्थन या दुसऱ्या बचतीवर उभे आहे. दुर्दैवाने जगभरच्या वर्णनांत पहिलीच बचत सांगितली जाते, त्यामुळे सेवा म्हणजे एक गंमत असा समज पसरतो.

दोन बेटांमधील सामुद्रधुनीवर पूल किंवा बांध का बांधू नये, असाही प्रश्न वाचकांच्या मनात येईल. ऑर्कनीला बांध नवीन नाहीत. १४ ऑक्टोबर १९३९ रोजी जर्मन पाणबुडीने येथील नौदलतळात शिरून ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडविल्यानंतर चर्चिल यांच्या आज्ञेने दक्षिणेकडील बेटांदरम्यान चार बांध घालण्यात आले. त्या कामावर इटालियन युद्धकैद्यांनीही मजुरी केली. युद्ध संपल्यावर ते बांध मोटाररस्ते म्हणून उपयोगी पडले आणि ती बेटे मुख्य बेटाशी कायमची जोडली गेली. तथापि वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे एकमेकांना जोडली तरी कर्कवॉल ४४ किलोमीटर दूरच राहते. पापा वेस्ट्रेच्या रहिवाशाला वेस्ट्रेची बाजारपेठ व शाळा मात्र जवळ येईल, हेही खरे. खर्च आणि लोकसंख्या यांचे प्रमाण पाहता विमानाचा पर्याय स्वस्त पडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खर्च कोणी सोसावयाचा?

आठ आसनांच्या विमानातून, ९० वस्तीच्या बेटासाठी, केवळ तिकिटांच्या उत्पन्नावर सेवा चालणे शक्य नाही. म्हणून ऑर्कनी परिषद ही सेवा सार्वजनिक कर्तव्य मानून निविदेद्वारे कंपनीला देते आणि उत्पन्न व खर्च यांतील तूट अनुदानाने भरून काढते. याखेरीज बेटावर मुक्काम करणाऱ्या पाहुण्यांसाठी तिकिटात सवलत ठेवण्यात आली, त्यामागे व्यवहारी हेतू होता. दोन मिनिटांची मौज करून लगेच परतणारा पाहुणा बेटावर काहीच खर्च करीत नाही, राहणारा करतो. पापा वेस्ट्रेवर रहिवाशांच्या सहकारी संस्थेचे दुकान व वसतिगृह आहे. पाहुण्याचा पैसा त्यामुळे गावातच राहतो. पाहण्यासारखे तेथे पुष्कळ आहे. ‘नॅप ऑफ हॉवर’ हे सुमारे ५,७०० वर्षांपूर्वीचे दगडी शेतघर तेथे उभे असून उत्तर युरोपातील शाबूत राहिलेल्या सर्वांत जुन्या घरांत त्याची गणना होते.

धावपट्टीची व्यवस्था पाहणारेही गावकरीच. विमान येण्याच्या वेळी अग्निशमन गाडीपाशी उभे राहणे, प्रवाशांचे सामान चढविणे-उतरविणे ही कामे बेटावरील प्रशिक्षित रहिवासी करतात आणि उरलेल्या वेळेत आपापली शेती सांभाळतात. सेवेबरोबर थोडा रोजगारही आला, तो असा.

तूट भरून विमानसेवा चालविण्याचे हे तत्त्व आपल्या देशातही स्वीकारले गेले आहे. केंद्र शासनाने २०१६ साली ‘उडान’ ही प्रादेशिक विमानसेवा योजना जाहीर केली. तीत लहान शहरांच्या मार्गांवरील ठरावीक आसनांचे भाडे मर्यादित ठेवून कंपनीला व्यवहार्यता तूट निधी दिला जातो व त्यात राज्य शासनेही आपला वाटा उचलतात. २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेतील पहिल्या मार्गांचा प्रारंभ झाला तेव्हा सिमला-दिल्ली मार्गाबरोबर आपल्या नांदेडहून हैदराबादला जाणारा मार्गही त्यांत होता. दोन्ही व्यवस्थांत एक भेद मात्र ध्यानात घ्यावा. उडानमध्ये दिलेल्या मुदतीत मार्गाने स्वतःच्या पायावर उभे राहावे अशी अपेक्षा आहे. ऑर्कनीत तशी अपेक्षाच नाही. बेटाची लोकसंख्या वाढून विमान फायद्यात येईल असे कोणी मानीत नाही. तेथे अनुदान हा शाळेच्या किंवा दवाखान्याच्या खर्चासारखाच कायमचा खर्च समजला जातो.

सेवेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. वसंत आणि उन्हाळ्यात समुद्रावरून दाट धुके येते. स्थानिक भाषेत त्याला ‘हार’ म्हणतात. ते पसरले की विमान थांबते. डिसेंबरात दिवसाचा प्रकाश जेमतेम सहा तास असतो. पेटी-दोन पेट्यांपलीकडे सामान विमानात जात नाही. गुरे, खत, सिमेंट हे सर्व बोटीनेच आणावे लागते. म्हणून विमान आल्यावर बोट बंद करावी, असा विचार तेथे झालेला नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

भूगोल व गणित शिकविणाऱ्या शिक्षकांनी वरील त्रिकोण फळ्यावर काढून दाखवावा आणि नंतर विद्यार्थ्यांकडून आपल्याच गावाचा तक्ता करून घ्यावा. पहिल्या रकान्यात प्राथमिक आरोग्य केंद्र, माध्यमिक शाळा, बँक, तहसील कार्यालय आणि जिल्हा रुग्णालय ही ठिकाणे. दुसऱ्यात नकाशावरील सरळ अंतर. तिसऱ्यात रस्त्याने अंतर. चौथ्यात घरातून निघाल्यापासून तेथे पोहोचेपर्यंतचा वेळ, थांब्यावरील वाट पाहणे धरून. आणि पाचव्यात तोच वेळ पावसाळ्यातला. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी हा तक्ता मागवून घेतल्यास गाडीच्या फेरीची किंवा साकवाची मागणी करताना तो अर्जास जोडता येईल. पापा वेस्ट्रेसाठी असा तक्ता केला तर रुग्णालयासमोर सरळ अंतर ४४ किलोमीटर, विमानाने पंधरा-वीस मिनिटे, बोटीने अर्धा दिवस आणि धुके असताना पुन्हा अर्धा दिवस असे आकडे येतील. जगप्रसिद्ध दोन मिनिटांना त्यात रकानाच मिळणार नाही.